बिघडलेल्या वस्तूंचं कपाट

माझ्या आत्याला साडेनऊ बोटं आहेत. डाव्या हाताची करंगळी अर्धीच आहे. उरलेली अर्धी मशीनच्या करवतीने नेली, त्यालाही आता जमाना झाला. कोणी लहान पोराने "ती कुठे गेली?" असं विचारलं की आत्या म्हणते, "आगाऊ प्रश्न विचारणाऱ्या एकाच्या नाकात अडकली." मग ते पोर आठवडाभर स्वतःचं नाक चाचपून बघतं. मुलांशी असं बोलू नये, असं शिकलेसवरलेले लोक सांगतात. तेच लोक पुढे त्याच पोराला तिच्याकडे पाठवतात, कारण घरातला नळ गळत असतो आणि वॉशर कशाशी खातात हे त्यांना ठाऊक नसतं.

ती माझ्या वडिलांची मोठी बहीण. पण तिला आत्या सगळं गावच म्हणतं. पोस्टमन म्हणतो, दवाखान्यातले डॉक्टर म्हणतात, तिच्याहून दोन वर्षांनी मोठा असलेला न्हावीसुद्धा म्हणतो. उंची बेताची आणि आवाज बेताल. अंबाड्यात सुताराची चपटी पेन्सिल खोचलेली असते आणि तीच पेन्सिल ती दिवसातून चार वेळा सगळीकडे शोधते. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण बहुतेक तिला बघूनच कोणीतरी केली असावी. लग्न केलं नाही. का नाही केलं, असं विचारायचं धाडस मी एकदा केलं होतं, तेव्हा म्हणाली, "लाकडाला लावलेला सरस वाळायची वाट बघत होते, तेवढ्यात वय झालं."

आमचे आजोबा सुतार. त्यांना आपली विद्या मुलाला द्यायची होती, म्हणजे माझ्या बाबांना. बाबांना ना हात होता ना धीर. मुलीला कोणी शिकवलं नाही, म्हणून ती शिकली. आजोबा गेले तेव्हा त्यांची शेड बाबांच्या नावावर झाली आणि त्यांची हत्यारं आत्याच्या हातात राहिली. बाबांनी पशुखाद्याचं दुकान टाकलं. आत्याने शेडमध्ये गावातल्या मुलामुलींना जमवलं आणि बाहेर पाटी लावली, 'ग्रामीण युवक मंडळ: हाताने शिका'. गावाने ती पाटी एकदाच वाचली आणि त्या दिवसापासून आम्हाला उचापती मंडळ म्हणायला सुरुवात केली.

पत्र्याची शेड. दोन खिडक्या, त्यातल्या एकीला काचेऐवजी प्लायवूड. मधोमध लांबलचक बाक, त्यावर तीन पिढ्यांच्या करवतींचे ओरखडे. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक हत्याराभोवती लाल रंगाने रेघ मारलेली, म्हणजे एखादी पटाशी जागेवर नसली की भिंत लगेच चुगली करायची. आणि कोपऱ्यात ते कपाट, त्याबद्दल सांगतेच.

मंडळात प्रवेश घ्यायला फॉर्म नव्हता. नव्या माणसाच्या हातात आत्या एक जुना नळ आणि एक पाना द्यायची, "खोल" म्हणायची आणि चहा प्यायला निघून जायची. कसा खोलायचा, काही नाही. मी अकरा वर्षांची असताना गेले. घरची म्हणून काही सवलत मिळेल असं वाटलं होतं. नळ खोलला, परत जोडला आणि दोन भाग शिल्लक राहिले. आत्याने ते उचलून उजेडात धरले. "कंपनीने चुकून जास्त दिले असतील, नाही का?" म्हणाली. मी रडले. तिने रडू दिलं आणि नळ परत खोलायला लावला.

तिचं शिकवणं हे असं. भात शिकवायचा तर चाळीस जणांचा शिजवायला लावायची, म्हणजे करपला तर चाळीस जणांच्या शिव्या खायच्या. शेळीच्या खुरांची निगा शिकवायची तर शेळी आणून समोर उभी करायची आणि शेळी काय ते पुढचं शिकवायची. बटण लावणं, फ्यूज बदलणं, भाजलं तर काय करायचं, पाणीपुरवठ्याच्या साहेबांना अर्ज लिहून तो स्वतः नेऊन द्यायचा आणि पोच घेतल्याशिवाय दारातून हलायचं नाही. आणि दर पंधरा दिवसांनी 'नाही' म्हणायचा तास. त्यात आत्या एकेकाकडे काहीतरी मागायची, सायकल, गृहपाठाची वही, पाठचा धाकटा भाऊ, आणि समोरच्याने कारण न देता, माफी न मागता, नुसतं "नाही" म्हणायचं. ऐकायला सोपं वाटतं. आमच्यातल्या निम्म्या मुलींना ते पहिल्यांदा जमायला वर्ष लागलं. एका मुलीने तर "नाही" म्हणून झाल्यावर घरी जाऊन खरंच सायकल आणून दिली.

आता कपाट. मंडळात कोणाची वस्तू बिघडली तर ती फेकायची नाही, दुरुस्तही करायची नाही. कपाटात ठेवायची. सोबत पुठ्ठ्याची चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर आपल्याच अक्षरात तीन ओळी: काय केलं, कसं बिघडलं, पुढच्या वेळी काय करणार. शनिवारी दुपारी सगळ्यांसमोर उभं राहून ती वाचायची. वाचताना लोकांनी हवं तितकं हसावं, हसून लोळावं. पण चिठ्ठी एकदा जागेवर लागली की विषय संपला. नंतर त्यावरून कोणी कोणाला टोमणा मारला तर टोमणा मारणाऱ्याने आठवडाभर शेडमागचा संडास घासायचा. हा नियम दगडावरची रेघ होता. मी स्वतः दोन आठवडे घासलाय.

काय काय होतं त्या कपाटात! दोन्ही डाव्या बाह्यांचा सदरा. बूड खाली टेकताच सगळं पाणी सोडून देणारी बादली. वीज कार्यालयाला लिहिलेला, 'प्रिय साहेब, तुमची फार आठवण येते' अशी सुरुवात असलेला अर्ज. आमच्यातला मोजमाप नावाचा मुलगा सगळं तीन तीनदा मोजायचा, म्हणून त्याचं हे नाव. त्याने घरासाठी एक सुंदर फडताळ केलं होतं, सुताएवढीही चूक नाही, फक्त मापं शेजाऱ्यांच्या भिंतीची घेतली होती. अशा एकूण बासष्ट वस्तू. नवीन मुलगा आला की आत्या त्याला पुस्तक द्यायची नाही, कपाट उघडून द्यायची. "बघ. आणि हे सगळं करून माणसं जिवंत आहेत."

बासष्टांतली पहिली वस्तू कपाटात मावत नव्हती म्हणून भिंतीला टांगलेली होती. एक लाकडी शिडी. तिची खालून पाचवी पायरी मधोमध तुटलेली, दोन तुकडे दोन बाजूंच्या खाचांत तसेच अडकलेले, आणि कोणाला ओरखडा लागू नये म्हणून दोन्हींच्या तुटक्या टोकांना सुतळी गच्च गुंडाळलेली. चिठ्ठी पिवळी पडलेली, अक्षर आत्याचं. 'शिडी केली. पायरीचं लाकूड नीट पारखलं नाही. पुढच्या वेळी आधी मी चढेन.' जो बनवेल तो आधी वापरेल, हा मंडळाचा नियम त्या तिसऱ्या ओळीतून आला. स्वतः केलेल्या खुर्चीवर आधी आपण बसायचं, स्वतः शिजवलेलं आधी आपण खायचं.

त्या शिडीवरून पडले होते माझे बाबा. तेव्हा आत्या सोळा वर्षांची आणि बाबा बारा. माळ्यावर चढताना पायरी तुटली, पाय मोडला, तो वाकडाच जुळून आला, आणि तेव्हापासून बाबा लंगडतात.

बाबांचा तो पाय म्हणजे आमच्या घरातलं सगळ्यात वडीलधारं माणूस होतं. त्याला विचारल्याशिवाय घरात काही ठरत नसे. सहलीला जायचं, पायाने नको म्हटलं. नवीन घर वरच्या मजल्यावर घ्यायचं, पायाने नको म्हटलं. आणि आत्याशी काही वाद झाला की बाबा बोलायचे थांबायचे, खुर्चीतून जरा जास्तच कष्टाने उठायचे आणि दारापर्यंत लंगडत जायचे. वाद तिथे संपायचा. मी बापाबद्दल असं बोलते म्हणून आई मला रागवायची. पण आईनेच एकदा मला दाखवलं होतं की दुकानात पोती मोजताना बाबा जेवढं लंगडतात त्याच्या दुप्पट ते आत्यासमोर लंगडतात.

मी सतरा वर्षांची असताना बाबांनी शेड मागितली. दुकानाला गोदाम हवं होतं. पावसात पोती भिजत होती हेही खरं, त्यांचंच सगळं खोटं असं मी म्हणत नाही. शेडच्या दारात उभे राहून म्हणाले, "ताई, महिनाअखेरीपर्यंत हा भंगारखाना हलव. मंडळ काय, झाडाखालीसुद्धा भरेल."

आम्ही सगळे आत्याकडे बघत होतो. गावभरच्या पोरींना 'नाही' म्हणायला शिकवणारी बाई. पाणीपुरवठ्याच्या साहेबांना तीन तास खुर्चीतून उठू न देणारी बाई. तिने बाबांच्या पायाकडे बघितलं आणि म्हणाली, "बरं."

मी इतकी चिडले की हातातला पॉलिश पेपर फाडला. बाबा गेल्यावर मी म्हटलं, "आत्या, नाही म्हणायचं ना! कारण न देता, माफी न मागता. तूच शिकवतेस."

"तो तास सोमवारी असतो," आत्या म्हणाली. "आज गुरुवार आहे."

झाडाखाली मंडळ भरलं असतं कदाचित. पण बाक, हत्यारं आणि कपाट झाडाखाली राहत नाहीत, आणि ते नसेल तर ते मंडळ नाही, नुसत्या गप्पा. आत्यालाही ते माहीत होतं. त्या आठवड्यात तिची पेन्सिल दिवसातून दहा वेळा हरवायला लागली.

त्यातच तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आली. शहरात, मामेबहिणीकडे आठ दिवस मुक्काम. जाताना किल्ली माझ्याकडे दिली आणि म्हणाली, "खोकी आणून ठेवा. मी आले की भरायला घेऊ."

आम्ही खोकी आणली नाहीत. आम्ही सभा भरवली. आमच्यात रेडिओ नावाची मुलगी होती, तिचं तोंड सकाळी सुरू झालं की झोपेपर्यंत बंद व्हायचं नाही. रेडिओ म्हणाली, "तुझे बाबा काय म्हणाले? भंगारखाना. का म्हणाले? कारण आत भंगार आहे. भंगार नसेल तर? सगळ्या वस्तू चालू असतील तर? मग ते भंगारखाना कशाला म्हणतील? मग तर ते प्रदर्शन झालं! गावाला बोलवू, तुझ्या बाबांना बोलवू, त्यांचं तोंडच बंद."

आता वाचणाऱ्याच्या लक्षात येईल की हा मूर्खपणा होता. आमच्या नाही आलं. सहा वर्षं एका बाईने आम्हाला एकच गोष्ट शिकवली होती की बिघडलेलं दिसलं की हात लाव. कपाटाला हात लावायचा नाही हा नियमही तिचाच, पण संकटात माणसाला सोयीचा नियम आधी आठवतो. आम्ही कपाट उघडलं आणि कामाला लागलो.

आठ दिवस आम्ही अठरा जण जिवाच्या आकांताने राबलो. सदऱ्याला उजवी बाही मिळाली. बादलीला बूड मिळालं. मोजमापने फडताळ कापून आपल्या घराच्या मापाचं केलं आणि मापं घेताना आईला सोबत उभं केलं. रेडिओने वीज कार्यालयाचा अर्ज नव्याने लिहिला, इतका कडक की मलाच दोन वर्षांचं बिल भरावंसं वाटलं. दुरुस्त झालेल्या वस्तूची चिठ्ठी काढून आम्ही डब्यात टाकत होतो. एकसष्ट चिठ्ठ्या डब्यात पडल्या आणि सातव्या दिवशी सकाळी शिडी उरली. ती मी घेतली. आत्याची वस्तू घरच्या माणसाने करावी, असं मीच सगळ्यांना सुनावलं होतं.

शिडी बाकावर आडवी घातली, चिठ्ठी काढली, सुतळी उलगडायला लागले. आत्याची गाठ, सुटता सुटेना. शेवटी कापली. एक तुकडा खाचेतून ठोकून बाहेर काढला आणि सवयीने तुटकं टोक उजेडात धरलं.

लाकूड तुटतं तेव्हा त्याचे तंतू निघतात, लांब, ओबडधोबड. हे आत्याने पहिल्याच महिन्यात शिकवलेलं. 'वस्तू तुटली की आधी तोंड बघा, कसं तुटलं ते लाकूड स्वतः सांगतं.' या तुकड्याच्या वरच्या निम्म्या भागात तंतू होते. खालचा निम्मा भाग सपाट होता. सपाट, आणि त्यावर बारीक, समांतर, एकाशेजारी एक ओरखडे. करवतीचे दात.

दुसरा तुकडा काढला. तोच प्रकार. पायरी खालच्या बाजूने, वरून दिसणार नाही अशी, निम्म्यापर्यंत कापलेली होती. काप तिरका होता, मध्येच दोनदा करवत घसरलेली होती. हे आत्याचं काम नव्हतं. आजोबांचंही नव्हतं. त्या घरात चौथं माणूस आजी, आणि आजी करवतीला घाबरून शेडमध्ये येत नसे. उरला कोण? ज्याच्या ना हातात कला होती ना अंगात धीर, तो.

मी मोजमापला बोलावलं. त्याने न विचारता पट्टी लावली. "दीड इंच जाडी. त्यातली पाऊण इंच कापलेली," म्हणाला, आणि मग माझं तोंड बघून पट्टी खिशात घातली.

मला इतका राग आला होता की कान गरम झाले. बेचाळीस वर्षं! बेचाळीस वर्षं या माणसाने आपला पाय आत्यासमोर नाचवला, आणि खड्डा खणणारा तोच. मी ते दोन तुकडे ओढणीत गुंडाळले आणि तडक घरी गेले. बाबा जेवत होते. मी तुकडे ताटाशेजारी ठेवले, कापलेली तोंडं वर करून, आणि काही बोलले नाही. न बोलणं मला आयुष्यात पहिल्यांदा जमलं.

बाबांनी बघितलं. घास हातात तसाच राहिला. "कुठून आणलंस?" असं त्यांनी विचारलं, पण ते कुठून आलं हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. आई एकदा तुकड्यांकडे, एकदा त्यांच्याकडे बघत उभी राहिली. बाबा ताटावरून उठले, हात धुतला, तुकडे उचलले आणि दुकानात निघून गेले. त्या दिवशी ते कसे लंगडत होते ते मी मुद्दाम बघितलं. नेहमीसारखंच, दुकानात लंगडतात तेवढंच.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, आत्या आली. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात औषधांची पिशवी. सामान ठेवायच्या आधी शेडवर आली. आम्ही अठरा जण रांगेत उभे. कपाट सताड उघडं, प्रत्येक वस्तू पुसून चकाचक. आत्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि नव्या डोळ्याने एकेक वस्तू बघत गेली. सदरा उलटसुलट केला. बादली उचलून खाली टेकवली, ती गळेना. अर्ज वाचला. चेहरा असा होत गेला की रेडिओसुद्धा गप्प झाली.

"चिठ्ठ्या?" तिने विचारलं.

मी डबा पुढे केला.

"अरे गाढवांनो," आत्या म्हणाली, "माझी चाळीस वर्षांची मेहनत तुम्ही आठ दिवसांत दुरुस्त करून टाकलीत!" आणि स्टुलावर बसून ती हसायला लागली. हसता हसता डोळ्यातून पाणी आलं, आणि डॉक्टरांनी डोळ्यात पाणी येऊ देऊ नका म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे ती हसतही होती आणि आम्हाला शिव्याही घालत होती. "नवीन पोरगं आलं तर त्याला काय दाखवू आता? चांगली बादली? चांगली बादली दुकानात मिळते!"

मग तिची नजर भिंतीकडे गेली. शिडी होती. पाचवी पायरी नवी होती, पिवळीधमक, मी बसवलेली. आत्याचं हसणं थांबलं.

"तुकडे कुठे आहेत?"

"बाबांच्या ताटाशेजारी ठेवले काल," मी म्हटलं. "आत्या, ती पायरी कापलेली होती. खालून. तुझी काहीच चूक नव्हती, बाबांनी..."

"सुतळी कशाला गुंडाळली होती मी?" आत्या म्हणाली. "पायरीला थंडी वाजत होती म्हणून?"

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. तिला माहीत होतं. अर्थात माहीत होतं. तुटल्या लाकडाचं तोंड बघायला जिने गावाला शिकवलं, तिने आपल्या शिडीचं तोंड बघितलं नसेल?

"त्याच दिवशी बघितलं," आत्या सांगायला लागली. "तुझ्या आजोबांनी माझ्या शिडीचं कौतुक केलं होतं. तुझ्या बापाने केलेल्या स्टुलाला हसले होते. रागावून कापली त्याने, मी चढेन म्हणून. मग कशावरून तरी तुझी आजी त्याला ओरडली आणि हा रुसून माळ्यावर निघाला. रुसला की माळ्यावर जायचा. रागाच्या भरात पाचवी पायरी विसरला."

"आणि तू तुझं नाव लिहिलंस? बेचाळीस वर्षं?"

"मग काय करायचं होतं? पाय फळीला बांधलेलं बारा वर्षांचं पोर खाटेवर पडलंय, त्याच्या बापाला जाऊन सांगू? आधीच नावडता, त्यात हे. मी सोळा वर्षांची होते, मला एक चूक झेपत होती." तिने चष्मा परत खाली ओढला. "आणि कापली कोणीही असू दे. लंगडतोय तो."

मला पिवळ्या चिठ्ठीवरची तिसरी ओळ आठवली. पुढच्या वेळी आधी मी चढेन. इतकी वर्षं ती वाचून मी स्वतःच्या खुर्च्यांवर आधी बसत होते, आणि ती बिचारी भावाच्या जागी आपण पडायला हवं होतं असं लिहून बसली होती. मला रडू आलं, आणि रडताना असंही वाटलं की ही बाई मूर्ख आहे. दोन्ही खरं होतं.

तेवढ्यात दारात बाबा. हातात ते दोन तुकडे. किती वेळ उभे होते, देव जाणे. सांगितलं नाही त्यांनी आणि आम्ही विचारलं नाही.  बाबा आत आले, बाकापर्यंत आले, तुकडे ठेवले.

"चिठ्ठी कशी लिहितात?" त्यांनी विचारलं.

आत्याने अंबाड्यातली पेन्सिल काढून दिली. पहिल्या झटक्यात सापडली. मी पुठ्ठा दिला. बाबा बाकावर ओणवे होऊन लिहायला लागले. गिऱ्हाइकाला बिल देताना लिहितात तसं मोठं, गोल अक्षर. मग सरळ उभे राहिले आणि वाचायला लागले. 

"काय केलं: ताईच्या शिडीची पाचवी पायरी खालून कापली. कसं बिघडलं: ताई पडेल असं वाटलं होतं, मी पडलो."

कोणाच्या तरी नाकातून आवाज आला. बहुतेक मोजमाप. मग रेडिओला आवरेना, मग मला, आणि मग अख्खी शेड हसायला लागली. नियमच होता, वाचताना हवं तितकं हसावं. बाबा लाल झाले, आणि मग त्यांनाही हसू आलं, अगदी शेंबड्या पोरासारखं. मी त्यांना तसं हसताना कधी बघितलं नव्हतं. आत्या मात्र हसली नाही. तिने हात पुढे करून चिठ्ठी घेतली, डोळ्याजवळ धरली आणि परत दिली.

"तिसरी ओळ कुठाय?"

"काय लिहू, ताई? पुढच्या वेळी काय? बेचाळीस वर्षं झाली."

"ते तू बघ. अपुरी चिठ्ठी मी लावत नाही."

 बाबांनी पुसलेल्या बादलीकडे बघितलं, बाकाकडे बघितलं, आम्हा अठरा जणांकडे बघितलं. मग ओणवे झाले आणि लिहिलं. या वेळी वाचलं नाही, चिठ्ठी आत्याच्या हातात ठेवली. आत्याने वाचली, आणि डॉक्टरांचं सगळं म्हणणं पाण्यात गेलं.

शिडीला ती चिठ्ठी तिनेच बांधली, आपली जुनी काढून. आजही तिथेच आहे. तिसरी ओळ अशी आहे: 'पुढच्या वेळी पोती दुसरीकडे ठेवीन.'

आता आत्या सत्तरीची झालीय. कपाट पुन्हा भरलंय, एकशे चार वस्तू आहेत आणि शिडीनंतरची पहिली म्हणजे एक चांगली बादली. तिच्या चिठ्ठीवर आम्हा अठरा जणांच्या सह्या आहेत: 'सगळं दुरुस्त केलं. कोणाला विचारलं नाही. पुढच्या वेळी आधी विचारू.' नवीन मुलं ती चांगली बादली बघून चक्रावतात.

त्या शनिवारी घरी जाताना मी बाबांच्या शेजारून चालत होते. मला खूप काही बोलायचं होतं. सहलींबद्दल, वरच्या मजल्यावरच्या घराबद्दल, आत्यासमोरच्या जास्तीच्या लंगडण्याबद्दल. बेचाळीस वर्षांचं एकेक वाक्य जिभेवर तयार होतं. पण चिठ्ठी जागेवर लागली होती आणि संडास कोणाला घासायचा होता! मी त्यांचा हात धरला आणि त्यांच्या चालीने चालत घरी आले.